एक्स-वायची छाटणी: वळूच्या वीर्यापासून नागपूरच्या गोठ्यापर्यंत

पाव मिलिलिटरची वीर्यकांडी चिमट्यात धरली तर साधी कोणती नि छाटलेली कोणती, हे आतल्या द्रवाकडे बघून कळत नाही. छाटलेली म्हणजे कालवडच व्हावी म्हणून एक्स गुणसूत्राचे शुक्राणू निवडून भरलेली. फरक संख्येत आहे. साध्या कांडीत सुमारे २ कोटी शुक्राणू भरतात, छाटलेल्या कांडीत बहुतेक ठिकाणी २० ते २१ लाख. काटोल, कळमेश्वर, उमरेड, रामटेककडच्या गोठ्यांत ही कांडी वापरताना जे काही फसतं, त्यातलं बरंचसं या दहापट तुटीपाशी येऊन पोचतं. पशुपालक मात्र आधी दुसरंच विचारतात : ‘‘डॉक्टरसाहेब, यात जीन कापतात का हो? वासरू अधू त नाही निघणार ना?’’

जीन कापत नाहीत. डीएनए रंगवतात, उजेडात धरतात आणि मोजतात, एवढंच. पण ‘काही होत नाही’ म्हणून हात झटकणंही खरं नाही. छाटणीत शुक्राणूला इजा होते. ती डीएनएला कमी आणि त्याच्या अंगावरच्या पापुद्र्याला जास्त. छाटणीचं काम आम्ही विदर्भाबाहेरच्या प्रयोगशाळेत केलं आणि कांड्या वापरतो त्या नागपूर जिल्ह्यात. दोन्ही टोकं पाहिल्यावर एक गोष्ट पक्की झाली : यंत्राने जे वाचवून दिलं, ते गोठ्यात पाच मिनिटांत घालवता येतं.

गायीच्या पेशीत ६० गुणसूत्रं असतात, शुक्राणूत निम्मी म्हणजे ३०. त्यातलं एक एक्स किंवा वाय. एक्सने कालवड होते, वायने गोऱ्हा. एक्स मोठं, वाय लहान. त्यामुळे एक्स असलेल्या शुक्राणूत वाय असलेल्यापेक्षा सुमारे ३.८ टक्के डीएनए जास्त असतो. म्हशीत हा फरक ३.६ टक्क्यांच्या आसपास, माणसात २.८. सगळी छाटणी या पावणेचार टक्क्यांवर उभी आहे. वजन, आकार, पोहण्याचा वेग, विद्युतभार यांवरून एक्स-वाय वेगळे करण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. घट्ट द्रवाच्या थरांतून फिरवून पाहिलं, गाळण्यांतून पोहवून पाहिलं. रोजच्या उत्पादनात खात्रीने ९० टक्के शुद्धतेपर्यंत नेणारा आणि आज जगभर चालणारा मार्ग एकच, डीएनए मोजण्याचा. कालवडच होईल म्हणून गायीला पावडर चारायला सांगणाऱ्यांच्या नादी लागून कोणी पैसे घालवू नयेत, हे इथेच सांगून ठेवतो. आणि माणसाच्या बाबतीत गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आपल्या देशात कायद्याने गुन्हा आहे. हे तंत्र गोठ्यापुरतंच.

मोजण्याची युक्ती अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल केंद्रात पक्की झाली. तिथल्या लॉरेन्स जॉन्सन यांच्या गटाने १९८९ मध्ये छाटलेल्या शुक्राणूंपासून सशाची जिवंत पिल्लं मिळवली. नंतरची सगळी वर्षं वेग वाढवण्यात आणि शुक्राणूला कमी त्रास देण्यात गेली.

सुरुवात वळूपासून. सकाळी घेतलेलं वीर्य छाटणीला घ्यायचं की साध्या कांड्यांना द्यायचं, हा निर्णय पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत होतो. मिलिलिटरमागे १०० कोटींहून जास्त शुक्राणू, ७० टक्क्यांहून जास्त पुढे पोहणारे, डोक्या-शेपटीचे दोष थोडे, हे बघतो. साध्या कांडीत ६० टक्के हालचालीचं वीर्य निभावून जाईल, कारण संख्या पाठीशी असते. छाटणीत निभावत नाही. काही वळूंचं वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली उत्तम दिसतं आणि तरी यंत्राच्या पडद्यावरच्या आलेखात एक्स-वायचे दोन उंचवटे नीट सुटे होत नाहीत. अशा वळूवर हट्टाने वेळ घालवण्यात अर्थ नसतो. दोन-तीन वेळा पाहून त्याला यादीतून काढणं बरं.

घेतलेलं वीर्य थंड करत नाहीत. प्रतिजैविकं घालून ते १७ ते २० अंशांवर, उजेडापासून दूर ठेवायचं आणि त्यातून लागेल तसं थोडं थोडं रंगवायचं. एकदम सगळं रंगवून ठेवलं तर शेवटचा भाग यंत्रावर जाईपर्यंत मरगळतो. सकाळचं वीर्य संध्याकाळी शेवटच्या नळीत तितकंच ताजं नसतं. आठ-दहा तासांनंतर यंत्र चालू ठेवलं तर कांड्या वाढतात, पण वितळवल्यावर त्या टिकत नाहीत.

रंगवणं हा या सगळ्यातला सर्वात नाजूक भाग, आणि नवखा माणूस तिथेच चुकतो. रंगाचं नाव होएक्स्ट ३३३४२. तो जिवंत पेशीचा पापुद्रा ओलांडून आत जातो आणि डीएनएच्या दुहेरी जिन्याच्या अरुंद खाचेत, ए आणि टी ही अक्षरं जास्त असलेल्या जागी, बाहेरून चिकटतो. जिन्याच्या पायऱ्यांमध्ये घुसून त्या फाकवणारे दुसरे रंग आहेत. ते डीएनएला घातक ठरतात, म्हणून इथे चालत नाहीत. छाटणीसाठी हाच रंग निवडण्याचं मोठं कारण हे.

वीर्य मिलिलिटरमागे १६ कोटी शुक्राणू होतील इतकं पातळ करायचं, रंग घालायचा आणि ३४ ते ३५ अंशांवर ४५ मिनिटं पाण्यात ठेवायचं. रंगाचं प्रमाण पद्धतीनुसार ५० ते ११० मायक्रोमोलरच्या दरम्यान असतं. इथे संख्या मोजण्यात चूक झाली की पुढचं सगळं बिघडतं. समजा १६ कोटींऐवजी नळीत २० कोटी शुक्राणू गेले. तेवढाच रंग जास्त डोक्यांत वाटला जातो, कोणाला पुरता मिळत नाही, आणि पडद्यावरचे दोन उंचवटे एकमेकांत मिसळतात. म्हणून रंग वाढवला तर उंचवटे सुटतात, पण वितळवल्यावर हालचाल घसरते, कारण रंग जास्त झाला तर तो शुक्राणूला विषारीच आहे. अशा वेळी रंग वाढवण्याआधी संख्या पुन्हा मोजावी. दहातल्या सात-आठ वेळा दोष तिथेच सापडतो. तापमानाचंही तसंच. पाणी दोन अंशांनी गार असेल तर रंग आत शिरायला वेळ लागतो आणि ४५ मिनिटं पुरत नाहीत; ३७ च्या वर गेलं तर शुक्राणू उगाच धावून दमतात.

४५ मिनिटं झाली की तेवढाच द्रव आणखी घालायचा. त्यात अंड्याचा पिवळा बलक ४ टक्के असतो आणि खाण्याचा लाल रंग अगदी नखभर. हा लाल रंग जिवंत शुक्राणूत शिरू शकत नाही. पापुद्रा फाटलेल्या, मेलेल्या शुक्राणूत मात्र शिरतो आणि होएक्स्टचा निळा उजेड गिळून टाकतो. मेलेला शुक्राणू यंत्राला मंद दिसतो आणि आपोआप टाकाऊत जातो. रंगवलेला नमुना ५० मायक्रॉनच्या गाळणीतून काढला की यंत्रावर लावायला तयार.

यंत्रात वीर्याची बारीक धार दुसऱ्या, बाहेरून वाहणाऱ्या द्रवाच्या आवरणात घेतलेली असते. ७० मायक्रॉनच्या तोंडातून ती बाहेर पडते. दाब ४० पीएसआय (दाबाचं एकक) ठेवला तर धारेचा वेग सेकंदाला साडेतेवीस मीटरच्या आसपास येतो, म्हणजे तासाला ८५ किलोमीटर. पूर्वी ५० पीएसआयवर काम चालायचं. दाब ४० वर आणल्यावर शुक्राणूंची वितळवल्यानंतरची हालचाल लक्षात येण्याइतकी सुधारली. कांडीची गुणवत्ता ज्या थोड्या बदलांनी खरंच वाढली, त्यातला हा एक, आणि त्यात डीएनएचा काही संबंध नाही. इजा होत होती ती धक्क्याने, पापुद्र्याला.

त्या धारेवर ३५५ नॅनोमीटरचा लेसर पडतो. होएक्स्ट उजळतो, निळा उजेड बाहेर टाकतो आणि डीएनए जितका जास्त तितका उजेड जास्त. ऐकायला सोपं, अडचण डोक्याच्या आकाराची. वळूच्या शुक्राणूचं डोकं वल्ह्यासारखं चपटं असतं. कडेने पाहिलं तर उजेड जास्त दिसतो, सपाट बाजूने कमी, आणि हा फरक एक्स-वायमधल्या पावणेचार टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा. म्हणून दोन डोळे लागतात : एक समोर, एक काटकोनात. काटकोनातला डोळा फक्त ठरवतो की डोकं नीट वळलेलं आहे का. असेल तरच समोरच्या डोळ्याचं मोजमाप धरायचं. धारेच्या तोंडाचा आतला आकारही डोकी एका दिशेला वळावीत असाच घडवलेला असतो. तरी बऱ्याच शुक्राणूंची डोकी वाकडीच येतात आणि ते सरळ टाकाऊत जातात. सकाळी यंत्र लावताना सगळा जीव या एका गोष्टीत गुंततो : तोंडाची टोपी केसभर फिरवायची, पडद्यावर ठिपक्यांचा ढग बघायचा, पुन्हा फिरवायची. दोन ढगांमधली दरी स्वच्छ दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. दरी धूसर असताना ‘चालेल’ म्हणून सुरू केलेल्या दिवसाची शुद्धता संध्याकाळच्या तपासणीत हमखास ८५ च्या खाली निघते.

मोजून झालं की धार थेंबांत तुटते. वरचा स्फटिक सेकंदाला साठ-सत्तर हजार वेळा थरथरतो, तितकेच थेंब पडतात. ज्या थेंबात हवा तो शुक्राणू आहे, त्याला तुटण्याच्या नेमक्या क्षणी विद्युतभार द्यायचा. पुढे दोन पट्ट्यांमधून जाताना तो थेंब बाजूला ओढला जातो. भार नसलेला थेंब सरळ खाली टाकाऊत. सेकंदाला २० ते ३० हजार शुक्राणू तपासले जातात, पण ते रांगेत सारख्या अंतराने येत नाहीत. एका थेंबात दोन आले तर यंत्र दोघांनाही सोडून देतं. वाकडे, मेलेले, जोडीने आलेले, दरीतले संशयित आणि सगळे वाय वजा केले की सेकंदाला पाच-सहा हजार एक्स हाती लागतात, चांगल्या दिवशी आठ हजार.

हिशेब करून बघा. सेकंदाला ५,००० म्हणजे तासाला १ कोटी ८० लाख. कांडीला २१ लाख धरले तर तासाला साडेआठ कांड्या, तेही पुढच्या टप्प्यांत काहीच वाया गेलं नाही तर. त्याच वळूच्या सकाळच्या ६ मिलिलिटर वीर्यातून साध्या कांड्या तीनशेवर निघाल्या असत्या. छाटलेली कांडी महाग का आणि तिच्यात शुक्राणू कमी का, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर या हिशेबात आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या विदर्भातच, वाशीमला, ‘गौसॉर्ट’ या देशी छाटणी तंत्राचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. त्यातला मुख्य हेतू किंमत खाली आणण्याचाच होता, कांडीमागे सुमारे २०० रुपयांनी. लहान पशुपालकाच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट नाही.

आता डीएनएचा प्रश्न. तीन ठिकाणी शंका घेता येते : रंग, लेसर आणि यंत्रातले धक्के. रंगाचं वर आलंच. लेसरचं असं, की डीएनए स्वतः जास्तीत जास्त शोषतो तो २६० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड. ३५५ ला तो फारच थोडा शोषतो. शिवाय ८५ किलोमीटरच्या वेगाने जाणारा शुक्राणू लेसरच्या पट्ट्यात एक-दोन मायक्रोसेकंदच असतो. धक्क्यांचं म्हणाल तर शुक्राणूच्या डोक्यातला डीएनए साध्या पेशीसारखा सैल नसतो. प्रोटामिन नावाच्या प्रथिनांनी तो घट्ट आवळलेला, गंधकाच्या बंधांनी बांधलेला असतो. धाग्याचं रीळ दाबलं तर आतला धागा तुटत नाही, तसं काहीसं. छाटणी झाल्या झाल्या तपासलं तर तुटक्या डीएनएचे शुक्राणू न छाटलेल्या वीर्यापेक्षा जास्त आढळत नाहीत, कारण मेलेले नि अर्धमेले आधीच वगळले गेलेले असतात. कोलोरॅडोमध्ये छाटलेल्या वीर्याच्या ११०० हून जास्त वासरांची साध्या वीर्याच्या वासरांशी तुलना झाली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. जन्माचं वजन, मरतूक, वाढ, कशातही फरक सापडला नाही. त्यामुळे ‘वासरू अधू त नाही निघणार ना’ या प्रश्नाला आम्ही स्वच्छपणे ‘नाही’ म्हणतो.

पण शुक्राणूकडे तुटलेला डीएनए सांधण्याची सोय नसते, हेही खरं. त्याला खरी भीती असते ती ऑक्सिजनच्या विध्वंसक रूपांची. मेलेल्या शुक्राणूंचा ढीग, जास्त वेळ चाललेलं सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून शुक्राणू तळाशी बसवणारं यंत्र), उघडा प्रकाश आणि सर्वात वाईट म्हणजे वितळवून तासन्‌तास गरम ठेवणं, यांनी ती वाढतात. छाटलेलं वीर्य ३७ अंशांवर जास्त वेळ ठेवलं तर त्याचा डीएनएही झिजतो. म्हणजे गुणसूत्र वाचवायचं काम फक्त यंत्रवाल्याचं नाही. वितळवलेली कांडी खिशात घेऊन अर्धा तास फिरणाऱ्या माणसाचंही आहे.

पापुद्र्याचं मात्र नुकसान झालेलं असतं. यंत्रातल्या द्रवाने वीर्य इतकं पातळ होतं की वीर्यरसातली राखणदार प्रथिनं धुऊन जातात. शुक्राणू वेळेआधीच फलनाच्या तयारीला लागल्यासारखा वागतो : पापुद्रा सैल होतो, ताकद लवकर खर्च होते. गायीच्या पोटात साध्या शुक्राणूसारखी वाट बघत बसणं त्याला जमत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे माजाच्या वेळेच्या हिशेबात हेच कामी येतं.

थेंब पडतात ती नळी आधीच बलकाच्या द्रवाने आतून भिजवलेली असते, नाहीतर कोरड्या भिंतीवर आदळून शुक्राणू मरतात. एका नळीत २० मिलिलिटरच्या आसपास जमलं की बदलायची. जमलेलं दीड-दोन तासांत हळूहळू ५ अंशांवर आणायचं, ८५० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ८५० पट जोराने) २० मिनिटं सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं पाणी काढून खालची गोळी ग्लिसरॉलच्या द्रवात मिसळायची. पाणी काढताना हात घाईत आला तर गोळी हलते आणि तासाभराच्या कांड्या सिंकमध्ये जातात. पुढचं भरणं, बंद करणं, द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेत गोठवून उणे १९६ अंशांत बुडवणं साध्या कांडीसारखंच.

प्रत्येक तुकडीतला थोडा नमुना वेगळा काढून ध्वनिलहरींनी शेपट्या तोडतात, डोकी पुन्हा रंगवून पुन्हा मोजतात. ९० टक्के एक्स निघाले की ती तुकडी पास. ९५ ची मागणी कधीकधी येते. ती पुरी करता येते, दरी रुंद धरायची. पण मग तासाच्या साडेआठ कांड्यांच्या पाच होतात आणि यंत्रावरचा वेळ वाढून उरलेल्या शुक्राणूंची तब्येत जाते. आमच्या मते ९० हा बरोबर तोल आहे. वितळवल्यावर लगेच ४० टक्क्यांहून जास्त हालचाल हवी, आणि ३७ अंशांवर तीन तास ठेवून पुन्हा बघायलाच हवं. लगेचची हालचाल छान आणि तीन तासांनी सगळे निपचित, अशी तुकडी टाकून देण्याची हिंमत प्रयोगशाळेत असली पाहिजे.

लेसरने नको असलेले वाय जागीच निकामी करण्याची दुसरी पद्धतही आपल्याकडच्या बाजारात आहे. तिथे थेंब, विद्युतभार काही नाही. निकामी झालेले वाय कांडीतच राहतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली मेलेले पुष्कळ दिसतात. ते बघून कांडी खराब ठरवू नये. जिवंत किती आहेत तेवढंच मोजावं.

आता गोठा. नागपूरचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या पुढे, आणि नवतपाच्या दिवसांत गोठ्यातल्या टिनाखालची हवा त्याहून तापलेली. पाव मिलिलिटरची कांडी बारीक, त्यामुळे अर्ध्या मिलिलिटरच्या कांडीपेक्षा ती लवकर तापते. नायट्रोजनच्या कंटेनरच्या मानेतून कॅनिस्टर (कांड्या ठेवायचा डबा) वर उचलून कांडी शोधत बसण्याची सवय इथे मारक आहे. गोठलेल्या वाफेची रेघ मानेत जिथे दिसते, तिच्या वर कॅनिस्टर आणायचाच नाही. कांडी चिमट्याने उचलायची, सात-आठ सेकंदांत सापडली नाही तर परत बुडवायचं, थांबायचं, मग पुन्हा. बोटांनी कांडी धरायची नाही. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. कांडी पुन्हा नायट्रोजनमध्ये गेल्यावर आधीसारखीच दिसते, पण आत बर्फाचे स्फटिक मोठे होऊन पापुद्रे फाटलेले असतात. साध्या कांडीत २ कोटींतले निम्मे मेले तरी १ कोटी उरतात. इथे २१ लाखांतले निम्मे गेले तर संपलंच. छाटलेल्या कांड्यांचा कॅनिस्टर वेगळा ठेवा आणि कोणत्या गॉब्लेटमध्ये (कॅनिस्टरमधल्या छोट्या पेल्यात) कोणता वळू हे झाकणावर लिहून ठेवा. शोधाशोधच वाचते. दर तीन-चार दिवसांनी काठी घालून नायट्रोजनची पातळी मोजा, उन्हाळ्यात एक दिवसाआड. मोटरसायकलवर उन्हात हिंदकळणारा कंटेनर कागदावरच्या हिशेबापेक्षा लवकर रिता होतो.

वितळवायला थर्मॉस आणि तापमापी. ३५ ते ३७ अंशांचं पाणी, ४५ सेकंद. ‘कोमट’ हा अंदाज चालत नाही. उन्हातल्या टाकीचं पाणी मे महिन्यात ४२ च्या वर असतं आणि डिसेंबरात सकाळी १६. नंतर कांडी कोरडी पुसायची. हे बारीक वाटतं, पण एक थेंब पाणी आत गेलं तर शुक्राणू फुगून फुटतात. हवेच्या बुडबुड्याच्या जागी, काटकोनात कापायचं. आणि गन (कांडी बसवून वीर्य सोडायची नळी) व शीथ (तिच्यावरचं आवरण) पाव मिलिलिटरच्या कांडीचीच हवी. अर्ध्या मिलिलिटरच्या शीथमध्ये बारीक कांडी सैल बसते, दट्ट्या दाबला की वीर्य पुढे न जाता कांडी आणि शीथच्या फटीतून मागे येतं. काम झाल्यावर शीथ उजेडात धरून बघा. आत पिवळसर ओल दिसली तर गाय गाभण न राहण्याचं कारण तुमच्या हातातच आहे. हिवाळ्यात गन हाताने घासून किंवा कपड्यात धरून गरम करून घ्यावी, उन्हाळ्यात ती डिक्कीत ठेवू नये. वितळवल्यापासून दहा मिनिटांत काम उरकायचं. गाय आधी बांधून घ्या, शेण काढून घ्या, गर्भाशयाचं तोंड हाताने चाचपून घ्या, मगच कांडी काढा. एका वेळी एकच. वीर्य गर्भाशयाच्या तोंडाच्या पलीकडे, गर्भाशयाच्या मुख्य भागात सोडायचं.

वेळेबाबत जुना नियम असा : सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर सकाळी. छाटलेल्या कांडीसाठी तो पुढे ढकलावा लागतो. गायीचं अंडं माज सुरू झाल्यापासून २५ ते ३० तासांनी सुटतं. छाटलेला शुक्राणू फार वेळ टिकत नाही, म्हणून तो अंड्याच्या जवळच्या वेळेला पोचवायचा : माज सुरू झाल्यापासून १८ ते २४ तासांनी. संध्याकाळी सहाला गाय दुसऱ्या गायीला अंगावर चढू देत होती, तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा. इथे नागपूरच्या उन्हाळ्याशी गाठ पडते, कारण दुपारची वेळ सर्वात वाईट. सावली, ओली पोती, आधी आणि नंतर गार पाणी यांची सोय नसेल तर एप्रिल ते जून छाटलेली कांडी वापरूच नये, असं आम्ही सांगतो. उन्हाने तापलेल्या गायीच्या पोटात साधं वीर्यही सहसा फळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला खरा हंगाम.

नुसता सोट (माजातला चिकट स्राव) दिसला म्हणून वेळ धरू नका. सोट आधी येतो, उभा माज (दुसऱ्या गायीला अंगावर चढू देणं) नंतर. माज सुरू कधी झाला हे घरातल्या ज्या माणसाला दिसलं, त्यालाच विचारा. शेण काढायला पहाटे गोठ्यात जाणाऱ्या बाईंना घड्याळापेक्षा नेमकं सांगता येतं.

गाय निवडणं हे अर्धं काम. पहिल्यांदा कालवडी, त्यांचं गर्भाशय स्वच्छ असतं, दुधाचा ताण नसतो. संकरित कालवड २५० किलोच्या वर, दोन-तीन माज नियमित आलेले. मग पहिल्या-दुसऱ्या वेताच्या, व्यायल्यावर ६० दिवस उलटलेल्या, वार नीट पडलेल्या गायी. तीनदा उलटलेल्या (भरूनही पुन्हा माजावर आलेल्या) गायीला ‘आता हीच कांडी भरून पाहू’ म्हणणं म्हणजे पैसे मातीत. नुसत्या कुटारावर (वाळल्या भुशावर) ठेवलेल्या जनावराला आधी दोन महिने ढेप, हिरवा चारा, खनिज मिश्रण द्या. गवळाऊसारख्या आपल्या भागातल्या जातीत गावठी वळूंची भेसळ थांबवून निवडक कालवडी वाढवायला ही कांडी फार उपयोगी आहे, मात्र वळू गवळाऊच हवा. नागपुरी म्हशीत माज मुका (लक्षणं फारशी न दिसणारा), बहुधा रात्री आणि हिवाळ्यात. त्यामुळे तिथे वेळ साधणं जास्त अवघड. अनुभवी हात नसेल तर म्हशीपासून सुरुवात करू नये.

गर्भ राहण्याचं प्रमाण कमी येतं, हे आधीच सांगावं. साध्या कांडीच्या ७० ते ८० टक्के धरून चाला. ४० लाख शुक्राणू भरलेल्या छाटलेल्या कांडीत ते बरंच वर येतं. समजा साध्या कांडीने १०० पैकी ४० गाभण राहतात : २० कालवडी, २० गोऱ्हे. छाटलेल्या कांडीने ३० राहिल्या तर २७ कालवडी. सात कालवडी जास्त मिळाल्या, पण दहा गायी आणखी २१ दिवस रिकाम्या राहिल्या. ज्याच्याकडे एकच दुभती गाय आणि घरचा खर्च तिच्या दुधावर, त्याच्यासाठी तो हिशेब वेगळा लागतो. त्याला आम्ही आग्रह करत नाही.

गोऱ्हा झाला की तक्रार येते. ९० टक्के म्हणजे दहा वासरांत एकही गोऱ्हा नसण्याची शक्यता ३५ टक्केच आहे. पाच वासरांत दोन किंवा जास्त गोऱ्हे शंभरात आठ वेळा निव्वळ योगायोगाने येतात. पाचांत तीन मात्र शंभरात एकदाही नाही. म्हणून रिकामी कांडी फेकू नका. गायीच्या बिल्ल्याचा क्रमांक आणि तारीख लिहून वहीत चिकटवा, ६० दिवसांनी गाभण तपासणी आणि व्यायल्यावर वासराचं लिंग त्याच ओळीत भरा. पाचांत तीन गोऱ्हे निघाले तर तीच वही घेऊन पुरवठादाराकडे जा आणि कांडीवरच्या तुकडी क्रमांकाचा फेरतपासणीचा आलेख मागा. त्या दिवशी दरी स्वच्छ होती की धूसर, ते त्यावर दिसतं.